मी आवळलेला फिल्टर

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि माझ्या दुप्पट हट्टी. हे मी कौतुकानं सांगत नाही, आहे ते सांगतोय. ताई घरोघर फिरणारी नर्स आहे. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, ज्यांना दवाखान्यात नेणं-आणणं घरच्यांना झेपत नाही, त्यांच्याकडे ती जाते. जखमा धुते, पट्ट्या बदलते, कुशीवर वळवते, पलंगावरून उचलून खुर्चीत बसवते. रोजची अकरा घरं. तीस वर्षांत तिनं आजारपणाची रजा किती घेतली, ते विचारलं तर ती रागावते.

फिरतीला तिची स्वतःची जुनी, बुटकी गाडी आहे. सकाळी सुरू होताना ती असा काही आवाज करते की आम्ही तिला 'बदक' म्हणतो. बदकाचं तेल बदलणं, फिल्टर बदलणं, प्लग साफ करणं, सगळं ताईच करते. मेकॅनिकचा हात लागलेला तिला खपत नाही.

आणि मी? मी नळजोडणीची कामं करतो. मी बसवलेला एकही जोड आजवर गळलेला नाही. हे मी अभिमानानं सांगतो आणि बायको वैतागून सांगते, कारण मी बंद केलेली साखरेची बरणी घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. एकदा तिनं ती बरणी शेजाऱ्यांकडून उघडून आणली होती आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

त्या रविवारी सकाळी ताईनं अंगणात बदकाची पुढची चाकं दोन लोखंडी चढांवर चढवली, खाली जुनं घमेलं सरकवलं आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरली. तेल सोडलं. काळंभोर तेल घमेल्यात उतरलं. मग तिनं फिल्टरला हात घातला.

खरं तर आधी फिल्टर सैल होतोय का बघायचं आणि मगच तेल सोडायचं. फिल्टर अडकलाच, तर निदान गाडी चालवत कुठंतरी नेता येते. ताईला हे ठाऊक होतं. पण इतकी वर्षं फिल्टर तिच्या हातानं सहज सुटत आला होता, म्हणून तिनं त्या दिवशी हा नेम पाळला नाही. आता गाडीत थेंबभर तेल नव्हतं आणि फिल्टर जागचा हलत नव्हता.

"बारक्या, फडकं दे," ती खालून म्हणाली. एकावन्न पार केलेल्या माणसाला बारक्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे.

मी फडकं दिलं. दोन मिनिटांनी ते तेलकट होऊन बाहेर आलं. मग तिनं पॉलिशपेपर मागितला. खरखरीत बाजू फिल्टरच्या डब्याला लावून दोन्ही हातांनी पिळायचं, ही तिची जुनी युक्ती. तिचे पाय पोत्यावर घट्ट रोवलेले दिसत होते, टाचा पांढऱ्या पडल्या होत्या. फिल्टर ढिम्म.

ती बाहेर आली आणि हात पुसत, अंगठ्याच्या मुळाशी दाबत बसली. तिथं तिला वर्षभर दुखतंय. कुणाला सांगत नाही, पण मला डोळे आहेत.

"मोठ्या बाईंनी उद्यापर्यंत उत्तर मागितलंय," ती म्हणाली.

मोठ्या बाई म्हणजे तिच्या कार्यालयातल्या प्रमुख. दहा दिवसांपूर्वी एका आजोबांना खुर्चीत बसवताना ताईची पकड सुटली होती. आजोबा पलंगाच्या कडेवरच बसले, लागलं काही नाही, पण त्यांच्या सुनेनं कार्यालयात फोन केला. मोठ्या बाई चांगल्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या की फिरती सोडून आत बसा, टेबलावर फोन घ्या, सोमवारी सांगा. ताईला तेव्हापासून नीट जेवण गेलेलं नव्हतं.

"मी मनाशी ठरवून टाकलंय," ती म्हणाली. "हा फिल्टर मी काढला, तर फिरती माझी. मेकॅनिकला बोलवायची पाळी आली, तर टेबल. एवढासा डबा सुटत नसेल, तर या हातांनी माणसं कशाला उचलायची?"

आणि तो फिल्टर तर मी बसवला होता.

गेल्या खेपेला ताईचं मनगट मुरगळलं होतं. तिनं खिडकीतून मला दोनदा बजावलं, "हातानं बसव. नुसत्या हातानं. आणि त्याच्या कडेच्या रबराला तेल लाव." मी हो हो म्हणालो. ती आत गेली. आता मला सांगा, जो माणूस आयुष्यभर पान्यानं जोड आवळत आलाय, त्याला नुसत्या हातानं बसवलेली वस्तू झोपू देईल का? त्यातून गाडी बहिणीची. ती एकटी कुठंकुठं आडबाजूला जाते, वाटेत गळती लागली तर? मी पाइपपाना आणला आणि वर अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, जास्त दिला. रबराला तेल लावलं नाही, कारण ओला जोड मला पटत नाही. हे सगळं मी मायेनंच केलं होतं. मायेनं केलेलं काम इतकं महागात पडेल, असं वाटलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. मला वाटलं, सुटेल आत्ता, मग कशाला उगाच बोलणी खायची.

ताईनं पट्ट्याचा पाना आणला. पट्टा डब्याभोवती आवळायचा आणि दांडा ओढायचा. पहिल्यांदा पट्टा घसरला आणि तिची बोटं लोखंडावर आपटली. दुसऱ्यांदा घसरला नाही, पण डबाच चेपला. तिसऱ्यांदा तो आणखी चेपला.

"स्क्रूड्रायव्हर. मोठा. आणि हातोडी."

"ताई, फाटेल तो."

"विचारलंय का मी?"

तिनं स्क्रूड्रायव्हर डब्यातून आरपार ठोकला. आत उरलेलं तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. मग तिनं त्याची मूठ धरून रेटायला सुरुवात केली. पत्रा कर्रर्र वाजला आणि फिल्टर फिरायच्या ऐवजी फाटत गेला. अर्ध्या तासात डब्याच्या चिंध्या झाल्या. इंजिनाला चिकटलेली जाड चकती तेवढी शाबूत, आणि पकडायला काहीच उरलं नव्हतं.

बायको दारात येऊन चहा ठेवून गेली. जाताना तिनं आधी फाटक्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती बरणीवाली आहे, तिच्या लगेच लक्षात आलं असणार.

ताई उलट्या बादलीवर बसली. तिनं उजवी मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"मेकॅनिकला फोन लाव," ती म्हणाली. "झालं. बघितलं करून."

हे वाक्य तिनं रडत म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. एक माणूस आपलं तीस वर्षांचं काम माझ्या एका अर्ध्या आट्यासाठी सोडून देत होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

"ताई, तो मी पाइपपान्यानं आवळलाय."

ती वळली.

"हातानं घट्ट झाल्यावर वर अर्धा आटा दिला. रबर कोरडंच बसवलं. तू आत गेल्यावर."

मी पुढं बोलत सुटलो, गळती, आडबाजूचे रस्ते, काळजी, वगैरे. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे सकाळपासून मी तुझ्याशी झुंजतेय," ती म्हणाली. "आणि तू मला फडकी देतोयस."

"हो."

"गाढवा."

एवढंच. मला वाटलं, आता मोकळी होईल. म्हणेल, चूक तुझी, मग पैज रद्द, बोलव मेकॅनिकला आणि फिरती माझीच. मी तसं सुचवूनही बघितलं. त्यावर ती अशी काही उसळली की मी दोन पावलं मागं सरलो.

"रद्द का म्हणून? तुझ्या हातानं बसलेला माझ्या हातानं निघाला, तर जास्तच चांगलं. तू सांग. तुझा चिकटलेला जोड सुटत नाही, तेव्हा तू काय करतोस? जोर लावतोस?"

"नाही. जोर लावला की पाइप पिळतो. तेव्हा ठोकत बसायचं. कडेवर, एकाच दिशेनं, हलकं हलकं. कंटाळा आला तरी ठोकायचं."

"छिन्नी आण. बोथट आण."

"मी करतो ना, ताई. माझंच पाप आहे."

"तू टॉर्च धर."

आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. तिनं पत्र्याच्या चिंध्या कात्रीनं कापून काढल्या. चकतीच्या कडेवर आणि शेजारी इंजिनावर, दोन्हींवर मिळून खडूनं एक सरळ रेघ ओढली, म्हणजे चकती हलली तर रेघ तुटलेली दिसेल. मग छिन्नी कडेला तिरकी लावली, आटा सुटायच्या दिशेनं, आणि ठोकायला लागली. टक. टक. टक. मूठ मिटत नव्हती, म्हणून तिनं हातोडीचा दांडा तळहातावर ठेवून फडक्यानं मनगटाशी बांधून घेतला होता. अशा पट्ट्या बांधण्यात तिचा हात कोण धरणार.

वीस ठोके मारायचे, छिन्नी पुढच्या जागी न्यायची, पुन्हा वीस. मधोमध इंजिनातून जो आट्यांचा तुकडा बाहेर आलेला असतो आणि ज्यावर फिल्टर बसतो, त्याला धक्का लागला तर गाडी गेलीच, म्हणून दर वेळी ती छिन्नीचं टोक बोटानं चाचपून बघायची. माझ्या मानेला रग लागली. टॉर्च हलला की ती "उजेड" एवढंच म्हणायची. तिच्या कपाळावरचा घाम कानात जात होता. मी पुसायला हात नेला तर म्हणाली, "मध्ये येऊ नकोस."

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. चहावर साय धरली होती, इतकं आठवतं. रेघ होती तशीच होती. मी मनात स्वतःला अशा शिव्या देत होतो, ज्या मी कामावरही देत नाही. एकदा मी म्हणालो, "ताई, पुरे आता." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि छिन्नी पुन्हा पहिल्या जागी आणून लावली.

मग रेघ तुटली. काडीएवढी, पण तुटली.

"दिसलं का तुला?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"मला वाटलं, मलाच दिसतंय."

त्यानंतर ती घाईला आली नाही. तसंच ठोकत राहिली. आटा अर्धा सरकल्यावर चकती बोटांनी फिरायला लागली आणि तेलाच्या दोन थेंबांसकट तिच्या छातीवर पडली. मी ओरडणार होतो. ती म्हणाली, "थांब," आणि वर बोट घातलं. जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं. ते तसंच ठेवून वर नवा फिल्टर बसवला असता, तर सगळं तेल रस्त्यावर गेलं असतं. तिनं ते नखानं सोलून काढलं. मी काढलं असतं का ते? नसतं काढलं. वर नवा फिल्टर आवळला असता.

नव्या फिल्टरच्या रबराला तिनं बोटानं तेल लावलं आणि तो हातानं बसवला, नुसत्या हातानं. मी माझे हात पाठीमागं बांधून उभा होतो. तेल भरलं, बदक सुरू केलं, तेलाचा लाल दिवा विझला. खाली पुठ्ठा अंथरून मी तीनदा वाकून बघितलं. डाग नव्हता.

मला वाटलं होतं, ताई आता घर डोक्यावर घेईल. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मोठ्या बाईंना फोन लाव."

"उद्या सांगायचंय ना?"

"आत्ता लाव. मला आकडे दाबता येत नाहीयेत."

मी नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला तशी ती सावरून बसली.

"बाई, मी बोलतेय. फिरती मीच करणार. टेबल दुसऱ्या कुणाला द्या." मग तिनं दुखरा हात मांडीवर ठेवला. "पण अकरापैकी चार घरी माझ्याबरोबर दुसरं माणूस द्या. तिथं उचलावं लागतं. मला एकटीला आता उचलता येत नाही."

हे तिनं अगदी कामाच्या आवाजात सांगितलं. माझी बहीण 'येत नाही' म्हणाली, ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई पलीकडून काहीतरी विचारत होत्या. ताई त्यांना त्या चार घरांचे पत्ते सावकाश सांगत होती आणि मी फोन धरून तिच्याजवळ उभा होतो.