सत्यभामाबाईंचा वरवंटा

लोहाऱ्याजवळच्या एका प्रयोगशाळेत गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत ठेवतात. तिथल्या परिचर सत्यभामाबाई. गाव माकणी, शिक्षण सातवी, आणि तोरा असा की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून चपला काढायचे. टाक्यांच्या खोलीचं दार मिटू नये म्हणून त्यांनी घरचा वरवंटा आणून दाराला लावला होता. सगळे हसायचे. मेच्या उन्हात त्या खोलीतला गारवा कुणाला नको? दार ओढून घ्यायचं आणि आत डबा खायचा, ही तिथली जुनी खोड. बाई एकेकाला हाकलायच्या.

"ही आडातली हवा हाय. वास न्हाय, ठसका न्हाय, माणूस गुमान खाली बसतंय."

खरंच होतं. टाकीतून उडणारा नायट्रोजन बंद खोलीतला ऑक्सिजन हुसकून लावतो. बाईंना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. पडका आड उपसायला उतरलेले त्यांचे वडील वर आले नाहीत, आणि त्यांना काढायला उतरलेला चुलताही.

गेल्या मेमध्ये एका दुपारी वीज गेली, हवा ओढणारा पंखा थांबला. ऑक्सिजन मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. बाई पाणी भरून आल्या, तर वरवंटा व्हरांड्यात आणि दार बंद! दार ढकललं तर गारव्यासाठी ते ओढून घेतलेल्या नव्या डॉक्टर हर्षाली टाकी भरता भरता भिंतीला टेकलेल्या, झाकण हातात, उगाच हसत होत्या.

अशा वेळी कुणीही आत धावेल. बाईंचेही पाय उचललेच होते. पण उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी फरशी पुसायचा लांब दांडा आत घातला आणि नोकरीत पहिल्यांदाच डॉक्टरवर ओरडल्या, "ए पोरी, धर दांडा! धर म्हणते न्हवं!"

हर्षालींनी दांडा धरला. बाईंनी त्यांना ओढत थेट लिंबाखाली आणलं.

"मावशी, मला तर काहीच होत नव्हतं. उलट बरं वाटत होतं," भानावर आल्यावर हर्षाली म्हणाल्या.

"व्हय. तीच तर त्याची लबाडी हाय," बाई म्हणाल्या, आणि वरवंटा परत दाराला लावायला उठल्या.

आता तिथं दोन यंत्रं आहेत. सुरक्षा साहित्याच्या यादीत हर्षालींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: ऑक्सिजन मापक दोन, वरवंटा एक. तपासणीला आलेले साहेब तिथं अडले.

"हा कशाला?"

"तो जागेवर नाही हे मावशींनी पाहिलं, म्हणून माझा जीव वाचला," हर्षाली म्हणाल्या. "हलवायचा असेल तर मावशींना विचारा."

मावशी पदर खोचून दारातच उभ्या होत्या. ताठ.

"आडानं माझी दोन माणसं नेली, साहेब. तिसरं म्या नेऊ दिलं न्हाय."