भिंतीपलीकडचं उणे सत्तेचाळीस

कुनसुलू बेकेनोवानं उभा जन्म क्वार्कांची, अणूच्या गाभ्यातल्या त्या सूक्ष्म कणांची, गणितं करण्यात घालवला. अल्माटीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संस्थेच्या वस्तीत तिला सगळेच आपाय, म्हणजे ताई, म्हणत, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. बाई तिखट. चहात दूध कमी पडलं तरी ऐकवल्याशिवाय सोडायची नाही.

तिच्या शेजारच्या खोलीत रुडोल्फ कार्लोविच बसायचे. हद्दपार होऊन स्टेपच्या गवताळ माळावर आलेल्या जर्मन घरातला, उंचेला, मोजकं बोलणारा माणूस. एकतीस वर्षं दोघांची रीत ठरलेली. प्रश्न एक, गणितं दोन. एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, मध्ये चकार शब्द बोलायचा नाही. ज्याचं संपेल त्यानं मधल्या भिंतीवर पेन्सिलीनं दोनदा टकटक करायची. मग गुरुवारी चार वाजता रुडोल्फ कार्लोविचांच्या टेबलावर दोन्ही उत्तरं पालथी ठेवायची, त्यांच्यावर चहाचे पेले. तळलेले बाऊरसाक खाऊन, चहा संपला की कागद उलटायचे. उत्तर जुळलं तरच लेख छापायला जायचा. असे सेहेचाळीस लेख झाले आणि सेहेचाळीसही वेळा उत्तर जुळलं.

फेब्रुवारीत रुडोल्फ कार्लोविच गेले. बसथांब्यावर, बर्फात, उभ्या उभ्याच. त्या संध्याकाळी किल्ल्या सांभाळणाऱ्या झिबागुलनं त्यांच्या खोलीला नेहमीसारखं सील लावलं होतं. दाराला दोरा, दोऱ्यावर मेणमाती, मेणमातीवर पितळी शिक्का. ते सील नंतर कुणी काढलंच नाही.

एप्रिलात विभागप्रमुख दाऊलेत तिच्या दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही.

“आपाय, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावेन. विचार.”

“सेहेचाळीसपैकी सेहेचाळीस? अहो, माझं नि बायकोचं सूपमधल्या मिठावर जुळत नाही. तुमचं एकदाही एखादं चिन्ह इकडचं तिकडं झालं नाही?”

“आम्ही लक्ष देऊन काम करायचो. तुला ती सवय नाही.”

“म्हातारबुवा तुमचीच वही बघत असणार हो! किल्ल्या सगळ्यांच्या खाली एकाच फळीवर टांगलेल्या. तुमच्या लेखांचा संग्रह काढतोय, त्याच्यावर तुमचं एकटीचं नाव टाकू. सही तेवढी द्या.”

“चालता हो.”

तो गेला, पण बोलणं मागे राहिलं. कारण तिला आता एकेक आठवायला लागलं. रुडोल्फ कार्लोविचांची टकटक नेहमी तिच्यानंतर यायची. तिनं भिंतीवर वाजवलं की थोड्या वेळानं पलीकडून उत्तर. ते आधी वाजवून मोकळे झाले, असं एकदाही झालेलं तिला आठवेना. म्हणजे ते खरंच तिचंच उतरवत होते? मग ते सेहेचाळीस लेख कुणीच तपासलेले नव्हते. आणि ज्याच्यासमोर एकतीस वर्षं चहा प्यायली तो माणूस तिला रोज फसवत होता. मेलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं?

रागारागानं तिनं काम काढलं. साधं मेसॉन म्हणजे दोघांचं बिऱ्हाड, एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क. हे मात्र चौघांचं होतं, दोन जड आणि दोन हलके. हे चौघं एकत्र टिकतात की विस्कटतात, एवढाच प्रश्न. उत्तर उणे आलं तर टिकतात, अधिक आलं तर विस्कटतात. हिवाळ्यात दोघांनी एवढंच ठरवलं होतं. अठरा एप्रिलला तिनं प्रश्नच बदलला. एका हलक्याच्या जागी जरा वजनदार असा स्ट्रेंज जातीचा क्वार्क घेतला आणि त्याचं वजन मनाशी चारशे सत्त्याऐंशी धरलं. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, साडेतीनच्या सुमारास तिचं उत्तर निघालं. अधिक एकोणीस. विस्कटतात. हाताला सवय लागलेली, पेन्सिल आपोआप उचलली गेली. तिनं भिंतीवर दोनदा टकटक केली.

थोड्या वेळानं पलीकडून दोनदा टकटक आली.

“पाइप असतील,” ती मोठ्यानं म्हणाली. पण खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे पाइप एप्रिलातच बंद झाले होते. तेवढ्यात पुन्हा आली. पहिली जोरात, दुसरी हलकी. रुडोल्फ कार्लोविच तसंच वाजवायचे.

तिनं झिबागुलला बोलावून आणलं. “अगं बाई, सील जसंच्या तसं आहे,” झिबागुल शिक्का चाचपत म्हणाली. “आत कोण असणार?”

“तेच बघायचंय. उघड.”

“उघडते, पण मी आत पाऊल टाकणार नाही हं, आपाय. सांगून ठेवते.”

खोलीत कोंदट तंबाखूचा वास होता. टेबलावर धुळीचा थर. आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला एक कागद पालथा ठेवलेला, त्याच्यावर पेला, पेल्याच्या तळाशी वाळलेला चहा. कागदावरही धूळ होती, टेबलावर होती तेवढीच. अलीकडची बाजू मोकळी सोडलेली.

कुनसुलू आपल्या खुर्चीवर बसली. आपला कागद पालथा ठेवला. चहा नव्हता, म्हणून एक पेला प्यायला लागतो तेवढा वेळ नुसती बसून राहिली. मग तिनं आपला कागद उलटला. मग त्यांचा.

वर, त्यांच्या बारीक अक्षरात, चारशे सत्त्याऐंशी. खाली उत्तर: उणे सत्तेचाळीस.

“जुळलं नाही,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“काय झालं हो?” झिबागुल दारातूनच ओरडली.

“भांडण झालं गं आमचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.”

तिथंच बसून तिनं आपलं गणित पानापानानं तपासलं. सतराव्या पानावर तेहतिसाचं एक पद चुकीच्या चिन्हानं बसलं होतं. ते सरळ केलं आणि उणे सत्तेचाळीस आलं. चौघं टिकत होते. उतरवणाऱ्याकडे तिचीच चूक उतरली असती. यांनी स्वतः मांडलं होतं, स्वतः सोडवलं होतं. तिला इतका आनंद झाला की तो कागद तिनं छातीशी धरला. मग तिची नजर पुन्हा वरच्या, तिनं एप्रिलात मनाशी धरलेल्या आकड्याकडे गेली, धुळीनं माखलेल्या आपल्या बोटांकडे गेली आणि अंगावर सर्रकन काटा आला.

जूनमध्ये लेख तयार झाला, दोघांच्या नावानं. दाऊलेत तो हातात घेऊनच तिच्या खोलीत आला.

“आपाय, रुडोल्फ कार्लोविचांच्या नावाला काळी चौकट राहिली. गेलेल्या माणसाच्या नावाला लागते ना.”

“नाही राहिली. मीच घातली नाही.” तिनं मान वर केली नाही. ती नवीन वहीवर नवा प्रश्न मांडत होती. “हे गणित फेब्रुवारीत गेलेल्या माणसाचं नाही. आणि तुझ्या त्या संग्रहावर दोन नावं येतील, नाहीतर संग्रह येणार नाही.”

“अहो, पण...”

भिंतीवर दोनदा टकटक झाली. पहिली जोरात, दुसरी हलकी.

दाऊलेतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “पाइप... पाइप असतील.”

“जूनमध्ये?” कुनसुलू म्हणाली. तिनं वहीकडे पाहिलं. जेमतेम दोन ओळी झाल्या होत्या. मग ती भिंतीकडे वळली आणि जरा चिडूनच म्हणाली, “थांबा हो जरा, रुडोल्फ कार्लोविच. मी अजून पहिल्याच पानावर आहे.”