पिसाचा गळ आणि गावदेवीचा कोंबडा

सिद्धगडाखालच्या डोहात मासा केवढा असतो, हे मला विचारू नका. मी सांगेन ते तुम्हाला खोटं वाटेल, आणि कमी करून सांगायची मला सवय नाही. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका आश्विनात तो आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी हातभर वाढत होता. नवरात्राचे उपास, त्यात माशाच्या गप्पा. वाढणार नाही तर काय! बेत असा, की दसरा झाला की निघायचं, डोंगरात घोंगड्यांचा तंबू ठोकायचा, आणि भातकापणीआधी परत यायचं. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडत चाललं होतं. एवढी एकच फट. ती चुकली की हातात विळा आणि मासे पुढच्या वर्षी.

या मोहिमेचा सेनापती माझा आतेभाऊ. कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असताना त्यानं एका साहेबाला पिसानं मासे धरताना पाहिलं होतं.

"गांडूळ नाय, पीठ नाय. गळाला पीस बांधायचं आन् पाण्यावर नाचवायचं. माशाला वाटतं चिलट आलं. झडप घातली की गेला कामातून!"

पीस मात्र कोंबड्याच्या मानेचं हवं, तांबडं नि चमकदार. तसा कोंबडा आमच्या आवारात एकच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आतेभावानं त्याची मान आणि शेपूट अशी साफ केली, की तो नुकत्याच हजामत झालेल्या जमादारासारखा दिसायला लागला.

आता हा कोंबडा काकीनं गावदेवीला बोललेला. काकाचा हिवताप उतरला, त्याचा नवस. आणि देवीला खोडीचा, अंगात खोट असलेला कोंबडा चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकी ओरडली तेव्हा तिकडे वैशाखरे गावातले कावळे उडाले.

"मेल्यांनो, देवीला काय हा नागवा देऊ?"

"मामी, देवी काय पिसं खाते?"

"नवस फिटल्याबिगर घरातला कुणी उंबरा ओलांडायचा नाय! बुडाला तुमचा डोंगर."

शेवटी देवीला कौल लावला. देवीच्या भगतानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"आई, ह्यो कोंबडा चालंल का?"

डावं पटकन पडलं. आतेभाऊ मटकन खाली बसला.

भगतही रोज आमच्या ओसरीवर येऊन लाळ गिळत बसायचा. त्यानं आपणहून नवी फुलं चिकटवली. "आई, बदली डोहातला मोठा मासा चालंल का?"

वाक्य संपायच्या आत उजवं फूल खाली. भगत शिंकला म्हणून पडलं, असं आतेभाऊ अजून म्हणतो. देवीच्या कामात मी बोलत नाही.

"मोठा म्हंजी केवढा?" काकीनं विचारलं.

भगतानं आमच्याच ओसरीवर ऐकलेलं माप दाखवायला हात पसरले. हात पुरेनात, म्हणून तो दोन पावलं बाजूला सरकला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डोंगर मिळाला होता, पण आता मासा खरोखरच धरायचा होता, आणि तोही देवीच्या मापाचा.

दसरा झाला तसं काकीनं भाकऱ्या बांधल्या, आणि त्यावर स्वतःचं लुगडंही.

"मामी, तू कुठं गो?"

"तुमच्यासंगती. मुरबाडच्या बाजारातनं उचलाल नि डोहातला म्हणून देवीफुडं ठेवाल. मला ठावं नाय का तुमी?"

बैल जुंपायच्या आधीच ती गाडीत मधोमध जाऊन बसली. आम्ही तंबूच्या घोंगड्या डोक्यावर घेऊन मागून चालत निघालो.