पायाच्या विरुद्ध हात

चारचौघांत मी नवऱ्याला ‘ते’ म्हणत असे. इथे ‘तो’च म्हणणार आहे.

तो जहाजावर खलाशी होता. लग्नानंतरच्या चार वर्षांत माझ्या वाट्याला जेमतेम पाच महिने आला, आणि तेवढा पुरे होता. मी रिठदच्या शाळेत मास्तरीण होते, सासूजवळ राहत होते. आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं, पण भांडणाच्या वेळा ठरलेल्या होत्या. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. मग कुठल्याशा बंदरावर दोरखंड ओढायच्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. त्याला घरी पाठवून दिलं. वाशीमहून आलेल्या एसटीच्या टपावरून त्यानं एक लांब काळी पेटी उतरवून घेतली आणि घरापर्यंत ती कोणाला धरू दिली नाही.

पेटीत गिटार होती. जहाजावर जमैकाचा एक स्वयंपाकी होता, त्यानं त्याला ती शिकवली होती. तिकडच्या त्या गाण्याच्या दोन चाली, रेगे आणि स्का. सोबत एक टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी होत्या. शाळेत मी हे सांगितलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “रेगे तं कोकणातल्या लोकाईचं आडनाव असते, बाई.”

त्याला डाव्या हातानं तारा दाबता येत होत्या, पण उजव्यानं छेडता येत नव्हत्या. पंधरा दिवस तो बाजेवर बसून नुसत्या तारा दाबत राहिला. त्यातून आवाज निघत नव्हता. एके दिवशी मी शाळेतून आले तशी त्यानं गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“शीक.”

“मले नाही शिकाचं.”

“माहा हात गेला. तुहे दोन्ही आहेत.”

सासू दारातून म्हणाली, “घटकाभर बसली तं काय झिजशीन व? मन रमते त्याचं.”

तेव्हापासून रोज पाच वाजता ओसरीवर माझी शाळा भरू लागली.

मी जयंतीची गाणी म्हणत मोठी झाले होते. ढोलकीची थाप जिथे जोरात पडते तिथेच टाळी द्यायची, हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्या गाण्यात नेमकं तिथेच गप्प बसायचं होतं. पाय जमिनीला टेकला की हात थांबलेला, पाय उचलला की हात तारांवर. तोही एक क्षण. लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, म्हणजे सूर लांबत नाही, ‘चक्’ करून तुटतो. रेगेत हे सावकाश चालतं. स्कात तेच, पण पळत.

माझा हात पायाबरोबरच पडायचा. तो बाजेच्या पायावर काडी आपटत ओरडायचा, “पाय खाली तवा गप! गप म्हटलं ना! मास्तरीन ना तू? पोराईले पाढे शिकवते अन् तुले दोन मोजता येत नाही?” शेजारच्या बाया कुडापाशी येऊन उभ्या राहायच्या. त्यांना हसायला रोज नवं मिळत होतं.

एकदा त्यानं माझ्या पिशवीतली लाकडी पट्टी काढली आणि माझ्या बोटांवर मारली. मी पट्टी त्याच्या हातातून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे चुलीत घातले. चुलीवर सासूनं चहा ठेवला होता. तिनं भांडं थोडं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो कपाशीच्या पऱ्हाटीची नवी काडी घेऊन बसलाच होता. मीही बसले. नाही म्हटलं असतं तर घरात तीन तोंडं सुटली असती, त्यात माझंही.

शाळा नाल्यापलीकडे होती. पोळ्याच्या आठवड्यात एकदा पऱ्हाटीच्या शेताच्या धुऱ्यावरून जाताना मी पितळी डब्यावर बोटं वाजवत चालले होते. रागातच वाजवत होते. आणि अचानक माझ्या लक्षात आलं की पाय पडतो तेव्हा बोटं हवेत आहेत. मी थांबले नाही. थांबले तर जाईल असं वाटलं. शाळेच्या फाटकापर्यंत तशीच गेले, आणि फळ्यावर लिहितानाही टाच हलत होती.

दोन दिवसांनी सासू त्याला हात दाखवायला वाशीमच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी घरी येऊन दार लावलं, कॅसेट लावली आणि तिच्याबरोबर वाजवत बसले. अर्ध्या तासात एकदाही चुकले नाही. शेवटी मला हसू आलं. लग्नानंतर त्या घरात मी एकटीच असताना हसल्याचं तेवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गिटार घेतली आणि मुद्दाम चुकीचं वाजवलं.

तो चिडला. काडी मोडली. मला इतकं बरं वाटलं की तिसऱ्या दिवशीही तसंच केलं, आणि मग ते थांबवलंच नाही. सारखी एकच चूक केली असती तर त्याला कळलं असतं, म्हणून मी चुका बदलत असे. कधी दोन ठोके बरोबर देऊन तिसरा चुकवायचा, म्हणजे त्याचा चेहरा उजळायचा आणि लगेच पडायचा. ते पाहायला मी शाळेतून लवकर निघू लागले.

हिवाळ्यात त्यानं ओरडणं सोडलं. दाढी करणंही सोडलं. एकदा, ज्वारी सोंगून झाली होती त्या दिवसांत, तो बाजेवरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, “एकडाव. एकडावच नीट वाजव. मले आयकाचं आहे.”

माझी बोटं तारांवर होती. मला येत होतं.

मी चुकीचं वाजवलं. तो उठून बाहेर गेला.

एप्रिलमध्ये जयंतीला अनसिंगची गायन पार्टी आली. विहारासमोर मांडव, निळी तोरणं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. गाणं सुरू व्हायच्या आधी माणसांनी त्याला छेडलं, “काय मग, आमची मास्तरीन कवा वाजवून राह्यली?” तो बायांच्या बाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “तिचं नाव नका घेऊ. दगडाले शिकवलं असतं तं तो बोल्ला असता.” सगळे हसले. माझी सासूही हसली.

मी उठले, घरी गेले आणि गिटार घेऊन आले.

बाजाची पेटी वाजवणारा गायक म्हणाला, “हे कायले आणलं, बाई? आमचं बिघडवता का?”

“तुमी गा. ढोलकीवाले भाऊ, तुमचा ठेका सोडू नका. माह्याकडे पाहू नका.”

त्यांनी गाणं धरलं. मी चार ओळी ऐकल्या, टाच टेकली आणि टाच उचलली की तार. ढोलकीच्या थापांमधल्या जागेत माझा ‘चक्’ जाऊन बसला. गायकानं दोनदा कपाळाला आठ्या घालून मागे पाहिलं, मग विसरला. पोरं डुलायला लागली. एका म्हातारीनं टाळी ढोलकीवरून माझ्या ‘चक्’वर आणली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता, उजव्या हाताकडे पाहत होता. गाणं संपेपर्यंत त्यानं मान हलवली नाही. मग माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आला.

“कवापासून येते हे तुले?”

“पोळ्यापासून.”

“म्हंजे मी खाली बसलो होतो तवा…”

“तवाबी येत होतं.”

मला वाटलं होतं मारेल. मारलं नाही. “लय खराब बाई आहेस तू,” एवढंच हळू आवाजात म्हणाला आणि घराकडे गेला. मी मांडवातच थांबले, पंगतीत बसले आणि पोटभर जेवले.

वाईट वाटलं का? त्या ‘एकडाव’चं वाटलं, पण फार नंतर. पट्टी मोडल्याचं कधीच वाटलं नाही.

तेव्हापासून मी गिटार काढली की तो पायात चपला घालून बाहेर पडायचा. एकदा मी विचारलं, “स्काचा हात कसा कराचा?”

“जमैकाले जाऊन पूस,” तो म्हणाला. पुन्हा मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली आसेगावला झाली. मी ती मागून घेतली होती. गिटार आणि एक कॅसेट घेऊन निघाले तर तो एसटीपर्यंत मागून आला. “ठेव ते. माही आहे.”

“काय करान तिचं तुमी?”

कंडक्टरनं घंटी मारली. मला ते बोलल्याची लाज वाटते. पण परत पाठवलीही नाही. तो आसेगावला दोनदा आला, दोन्ही वेळा कुठल्यातरी कागदावर सही घ्यायला. मी चहा दिला. गिटार खुंटीला होती, त्यानं तिच्याकडे पाठ करून चहा घेतला.

स्का मी आसेगावच्या भाड्याच्या खोलीत शिकले. एक वापरलेला टेपरेकॉर्डर मिळवला होता. सुरुवातीला गाण्याच्या वेगाला हात पुरायचा नाही, खांदा दगडासारखा व्हायचा. मग कळलं, मी सगळा दंड हलवत होते. समोर काडी घेऊन कोणी बसलंय असं समजून अजून सावरून बसत होते. खांदा सोडून नुसतं मनगट फिरवलं तेव्हा हात आपोआप पळायला लागला. हे जमायला दोन महिने लागले.

ज्या दिवशी अख्खं गाणं न चुकता झालं, त्या दिवशी घरमालकिणीनं पलीकडून भिंतीवर मूठ आपटली. “बंद करा वो ते, मास्तरीनबाई! डोकं उठलं माहं!”

मी कॅसेट पहिल्यापासून लावली.