कॅमेऱ्यातली सोमारी

दिव्यानी मडावीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाव भद्रावतीच्या पलीकडचं, जंगलाला लागून. तिथे कोणी तिचं चित्र पाहून "अगदी फोटोवानी काढलं व बाई" म्हटलं, की ती पेन्सिल खाली ठेवते. "फोटो एका टिचकीत निघते," म्हणते. "मी महिने-महिने डोळे फोडून राह्यली." मग पुढचा तासभर तिच्याशी बोलायची सोय नाही.

आणि खोटं काय आहे त्यात? पेन्सिलीने हुबेहूब काढायचं म्हणजे काय गंमत वाटली? मोबाइलवर फोटो मोठा करायचा, कागदावर बारीक चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीत शिरायचं. केस काढायचा तर एकेक केस काढायचा, नुसता झुपका चालत नाही. गालावर देवीचा व्रण असला तर त्याच्या तळाची सावलीसुद्धा आली पाहिजे. धान रोवायला जाता जाता, मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ही पोरगी हे सगळं शिकली. तिचा नियम एकच. दिसतं तेच काढायचं, अंदाजाने रेघ मारायची नाही. अंदाज म्हणजे थापा, असं तिचं म्हणणं.

या नियमानेच तिला गोत्यात आणलं. तिला आपल्या मायचं चित्र काढायचं होतं आणि मायचा धड एक फोटो घरात नव्हता.

माय म्हणजे सोमारी. ती मागच्या पावसाळ्यात गेली. जंगलाकडेचं गाव म्हटलं की लोक लगेच विचारतात, वाघाने नेली का? नाही बाप्पा. वाघाने काही केलं नाही, उगाच त्याच्यावर आळ कशाला घ्यायचा? तापाने गेली. जिवंत होती तेव्हा दिव्यानी तिच्या किती मागे लागली. "माय, घडीभर बस न व, फोटो काढू दे." पण मोहफुलं वेचायच्या दिवसांत सोमारीला सवड नसायची आणि बाकीच्या दिवसांत लाज वाटायची. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माहा फोटो तं रोजच निघते. त्या कॅमेऱ्यातून घेजो."

कॅमेरा म्हणजे वाघ मोजणाऱ्या एका संस्थेने झाडाला बांधलेला डबा. समोरून वाघ जावो, डुक्कर जावो की माणूस, फोटो आपोआप निघतो. मोह वेचायला जायची वाट त्याच्यासमोरूनच जाते. बाकीच्या बाया तोंडावर पदर घेऊन पळायच्या. सोमारी थांबायची. टोपलं कमरेवर घ्यायची, पदर सारखा करायची, डब्याकडे पाहून हसायची आणि मग पुढे जायची. साहेबाच्या कंप्युटरात आपण सगळे जपून ठेवलेले आहोत, असाच गावाचा समज. का नसेल? गावातल्या पोचूच्या खांद्यावर एकदा कुऱ्हाड होती, तर लाकूडतोडीचा गुन्हा लावायला आठवड्याच्या आत त्याचा फोटो सापडला, तारीख-वेळेसकट. कुऱ्हाड सापडते तर बाईचं हसणं का सापडू नये?

सोमारी गेल्यावर उरलं ते आधार कार्ड. त्यावरचा फोटो मोठा केला की मायच्या जागी नुसते राखाडी चौकोन. मग दिव्यानीने आपला नियम गिळला आणि आठवून काढायला बसली. जितक्यांदा काढलं तितक्यांदा नाक तिचं स्वतःचंच झालं. मायच्या कानाला भोकं दोन होती की तीन, हे तिने बापाला विचारलं. डोमाने स्वतःचाच कान चाचपला. मग म्हणाला, "दोन असतीन."

असतीन. एवढा संसार केला आणि असतीन. दिव्यानी बापाशी बोलेनाशी झाली. तसं पाहिलं तर तिला तरी कुठे माहीत होतं? रोज जिच्या हातची भाकर खाल्ली तिचे कान आपण पाहिलेच नाहीत, याचा राग तिला बापावरच्या रागाहून जास्त आला.

अशात संस्थेचे विनोद सर घरी आले. कॅमेऱ्यांचं काम तेच बघायचे, आणि बोलायला माणूस साखरेहून गोड. संस्थेचं नवं पर्यटन केंद्र होणार होतं, त्याच्या दर्शनी भिंतीवर वाघाचं मोठं चित्र हवं होतं, हाताने काढलेलं. "काय घेशील?" त्यांनी विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची दिव्यानीला सवयच नाही. "पैसे नाई पाह्यजे. तुमच्या कॅमेऱ्यात माही माय हाये. तिचा फोटो द्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग हसून म्हणाले, "देऊ ना. शोधून ठेवतो. तू चित्र कर."

तिने केलं. सरांनी दिलेल्या फोटोत वाघाची एकेक मिशी मोजता येत होती, कानाच्या आतली लव वेगवेगळी दिसत होती, आणि ते पाहताना तिला चीड यायची. वाघाचे असे हजार फोटो, आणि मायचा एक नाही. पण हात थांबला नाही. भात कापून झाला, थंडी सरली, मोह गळायला लागला, तरी ती दाराएवढ्या कागदावर वाकलेलीच. मध्ये फोन केला की सर म्हणायचे, "शोधतोय." ती मनात ठरवून बसली होती, मायचा फोटो आला की आधी कान काढायचे.

वाघ पुरा झाला तेव्हा दोन पातळ फळ्यांमध्ये कागद बसवून बापलेक गाडी करून संस्थेच्या ऑफिसात गेले. टेबलावर चित्र उघडलं, तशी सगळी माणसं गोळा झाली. "अगदी फोटो," कोणी म्हणालं. त्या दिवशी दिव्यानीने तेही सोडून दिलं.

"सर, मायचा फोटो."

"चहा घे आधी," सर म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ, माणसांचे फोटो आपण ठेवत नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड आलं की पहिल्यांदा माणसं काढून टाकतो. नियमच आहे तसा."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच."

म्हणजे घरी येऊन 'देऊ ना' म्हणाला, तेव्हाही या माणसाला ठाऊक होतं. अख्खा हंगाम राबवून घेतलं आणि तोंडाला पानं पुसली. दिव्यानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मंग पोचूभाऊचा काऊन ठेवला?"

"तो गुन्हा होता. गुन्हा असला की ठेवावा लागतो. तुझ्या आईने तसं काही..."

ऐकलंत? बाईने एखादं झाड तोडलं असतं तर ती आज कंप्युटरात असती. नुसती उभी राहून हसली, म्हणून गेली.

दिव्यानी ओरडली नाही. ती ओरडली की डोमा निर्धास्त असतो, पण आता त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. "कसं काढता सर माणसं?" तिने हळू आवाजात विचारलं.

कामाचा प्रश्न आला तसे सर मोकळे झाले. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर तीच वाट होती आणि टोपली घेतलेल्या दोन बाया. त्यातली एक पोचूची बायको होती, नाकातली चमकीसुद्धा स्पष्ट दिसत होती. सरांनी डिलीटचं बटण दाबलं, बाया गेल्या. पुढच्या फोटोत नुसतं रानडुक्कर होतं.

"हे असं. दोन सेकंद लागतात."

दिव्यानीने पिशवीतून रबर काढलं. खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि वाघाच्या डाव्या कानापासून पुसायला लागली. कानातली लव गेली, मग कपाळावरचा पट्टा गेला. काळी भुकटी टेबलावर सांडत होती.

"अगं ए, काय करतेस तू?"

"डिलीट करून राह्यली. तुमच्यावानी दोन सेकंदात नाई होत मले." तिने मान वर केली नाही. "बसा सर. टाइम लागन."

कोणी हात घालेना. ओढलं तर कागद फाटेल, याचीच सगळ्यांना भीती. रबराच्या ओढीने कागद सरकत होता. डोमा पुढे झाला आणि त्याने कागदाची दोन टोकं हातांनी दाबून धरली.