प्यादेमात

नामांतराचा वाद पेटलेला होता, त्या वर्षांत मी आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. आम्ही बौद्ध, माझी जागा राखीव. गणिताचे प्राध्यापक स्टाफरूममध्ये मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "गुणवत्तेवर भरती झाली असती तर इथं वेगळीच माणसं दिसली असती." राखीव जागेवर आला म्हणजे बिनगुणाचा, हे कशावरून? असल्या वाक्यातला हेत्वाभास कसा पकडायचा, हेच मी वर्गात पोरांना शिकवायचो. पण स्टाफरूममध्ये हेत्वाभासानं कुणी हरत नाही. माझं डोकं तापायचं आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचो.

हे गृहस्थ बुद्धिबळात जिल्ह्याचे विजेते. मीही खेळायचो, परगावच्या स्पर्धांत बक्षिसं आणायचो. पण मूळ शिक्षण वडिलांचं, पूर्णेच्या इंजिन शेडबाहेर. वडील तिथं रेल्वेचे खलाशी, इंजिनांच्या कामावरचे मजूर. तिथला डाव देशी. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, आणि प्याद्यानं दिलेली मात सगळ्यांत मानाची. नवे नियम मी नंतर पुस्तकातून शिकलो. हे स्टाफरूमलाही ठाऊक होतं.

एका वर्षी परभणीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आम्ही दोघं समोरासमोर आलो. अख्खा स्टाफ बघायला हजर. वडीलही दोन दोस्तांना घेऊन पॅसेंजरनं आले. खोटं कशाला बोलू, मला करंडक नको होता. मला ते गुणवत्तेचं वाक्य त्यांच्या घशात घालायचं होतं.

डावाच्या मध्यावर माझ्या राजावर हल्ला येताना दिसला आणि हात जुन्या सवयीनं गेला. राजा उचलला, अडीच घरं उडवून ठेवला. हॉलमध्ये हशा पिकला.

"सर, हे शेडबाहेरचं बुद्धिबळ नव्हे," गणिताचे सर म्हणाले.

पंचांनी नियम सांगितला: हात लावलेला मोहरा हलवावाच लागेल. राजाला एकच घर मोकळं होतं, ते पुढचं, भर मैदानात. तिथं ठेवला.

"कामून काढला रे त्याला भाईर!" मागून वडील. पंचांनी त्यांना गप्प बसवलं.

माझे कान तापले होते. रागात खेळलो तर मातीच खाणार, म्हणून उठलो आणि बाहेर नळावर तोंड धुऊन आलो. मग शांतपणे विचार केला. राजा बाहेर आलाच आहे, तर तो कधी उपयोगी पडेल? पटावरून वजीर गेले की. मी वजिरांची मारामारी मांडली. मी घाबरलो असं सरांना वाटलं. त्यांनी आनंदानं माझा वजीर मारला, मी त्यांचा. त्यानंतर माझा राजा प्याद्यांच्या सोबतीनं एकेक घर चढत गेला. त्यांचा राजा कोपऱ्यात, आपल्याच हत्तीच्या आड दडलेला. शेवटी मी एक प्यादं पुढं सरकवलं. मागं माझा राजा उभा होता. सरांच्या राजाला शह बसला. पळायला घर नव्हतं.

नव्या नियमात प्याद्यानं मात दिली काय नि वजिरानं दिली काय, गुण तेवढाच. पण शेडचे तिघं ताडकन उठले.

"प्यादेमात! प्यादेमात झाली!" वडील ओरडायला लागले. "लय भारी केलंस, लेका!"

इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता. मी सगळ्यांदेखत हसलो, अगदी दात काढून.

सरांनी हात मिळवला. "नशीब तुमचं," ते म्हणाले. "एका डावानं काही सिद्ध होत नाही."

तर्काला धरून होतं ते. एका उदाहरणावरून सिद्धान्त निघत नाही.

"मग दुसरा खेळू," मी म्हणालो. "रविवारी पूर्णेला घरी या. आमची वस्ती स्टेशनपलीकडं."

ते आमच्या वस्तीत पाऊल टाकतील असं स्टाफरूमला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण आले. वडिलांशेजारी चटईवर बसले, आईच्या हातचा चहा प्याले, आधी माझ्याकडून हरले आणि मग वडिलांकडूनही हरले. या वेळी नशिबाचं नावसुद्धा काढलं नाही.