घंटीमावशीचं बटण

आता संस्थेच्या ऑफिसात मशीन आलंय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते रोज सकाळी फोन करतं, 'ठीक असाल तर एक दाबा' म्हणतं, आणि माणसं निमूट एक दाबतात. सोय चांगली आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण मशीनशी कुणी भांडत नाही आणि मशीन कुणावर रुसत नाही. त्यामुळे मला आपलं तिथे पाहुण्यासारखं वाटतं.

आमच्या वेळी तिथे घंटीमावशी होती.

तरुणपणी ती एका कापड गिरणीत टेलिफोन बोर्डवर होती. गिरणी बंद पडली तशी संस्थेत आली आणि बसथांब्यामागच्या त्या खोलीत टेबलाशी जी बसली, ती गुडघे थकेपर्यंत. टेबलावर काळा फोन. त्याच्या डायलला एवढंसं कुलूप, किल्ली मावशीच्या गळ्यातल्या दोऱ्यात. एरवी फोन करायचा नाहीच, तो फक्त यायचा. दोनदा वाजायचा आणि बंद. उचलायचाही नाही. दोन रिंगा म्हणजे 'उठलोय, बरा आहे'. तिसरी वाजली तर 'या'. रिंगच आली नाही, तर मावशी कुलूप काढून स्वतः फोन लावायची आणि तरीही कुणी उचललं नाही तर संस्थेच्या ड्रायव्हरला गाडी काढायला लावायची.

कुणाची रिंग हे कळायचं क्रमावरून; प्रत्येकाची वेळ ठरलेली. पहिला नंबर रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांचा, कारण त्यांच्याआधी वाजवायची कुणाची छाती नव्हती. मग शिंपीकाका, मग शाळेतल्या बाई, मग बाकीचे. भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. खालच्या ओळीत प्रत्येकाचं एकेक कोटाचं बटण, दोऱ्यात ओवलेलं. रिंग आली की मावशी ते बटण वरच्या खिळ्यावर टांगायची. बटणं शिंपीकाकांनीच दिलेली. गार्डसाहेबांना पितळी, बाईंना लाल, स्वतःला तपकिरी.

एकदा शिंपीकाकांचा मुलगा भल्या पहाटे गाडी घेऊन आला आणि नातवाच्या बारशाला घेऊन गेला. त्या आनंदात काका रिंग द्यायची विसरले. मावशीने फोन लावला, उत्तर नाही. ड्रायव्हरने दाराला खांदा लावला, दार आडवं. संध्याकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन परत येतात, तर घर सताड उघडं!

"मेलो नव्हतो, बाई! पेढे खायला गेलो होतो!" काका फोनवर नाही, थेट ऑफिसात येऊन ओरडले.

"मग सांगून जायचं! आनंदात असताना रिंग द्यायची नाही असं कुणी सांगितलं?" मावशी त्यांच्याहून वर. "आण तो पुडा इकडे. दार मोडून ड्रायव्हरचा खांदा सुजलाय."

दार संस्थेने दुरुस्त करून दिलं. पण त्यानंतर कित्येक दिवस शिंपीकाका बाजारात जातानाही दोन रिंगा देऊन जायचे आणि सगळ्यांच्या क्रमाचा बट्ट्याबोळ करायचे.

मावशी आणि तिची थोरली बहीण, दोघीच राहायच्या, लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत. दोघींनीही लग्न केलं नाही. "एकीला पसंत पडला नाही, दुसरीला कुणी विचारलं नाही. कोण कुठली ते सांगणार नाही," असं मावशी म्हणायची. मग ताई गेली. पाठोपाठ मावशीचे गुडघे गेले, आणि तिच्या खुर्चीवर मी बसू लागले. मुलांना शाळेत पोचवून झालं की सकाळ मोकळी असायची.

एक दिवस लाँड्रीवाला कपडे द्यायला आला आणि सहज बोलून गेला, "मावशी काल न्हाणीघरात पडल्या होत्या. बादली बडवत होत्या, म्हणून आम्हाला कळलं. कुणाला सांगू नका म्हणाल्यात."

मी तडक तिच्याकडे गेले. कपाळावर टेंगूळ, आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"मावशी, उद्यापासून तुम्हीही रिंग द्यायची."

"मी? मी का म्हणून? ती म्हाताऱ्यांसाठी आहे."

"आणि तुम्ही?"

"मी संस्थेची आहे." तोंड फिरवून ती कांदा चिरायला बसली. "ज्याने आयुष्यभर वाढलं, त्याने पंगतीत बसायचं नसतं."

त्या रात्री मला झोप लागेना. बादली हाताशी नसती तर?

पुढच्याच महिन्यात शिंपीकाका मुलाकडे कायमचे राहायला निघाले. निरोप घ्यायला ऑफिसात आले. फळीवरचं आपलं तपकिरी बटण काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "हे घंटीला द्या. म्हणावं, माझा खिळा रिकामा ठेवलास तर गार्डसाहेबांची लाईन तुटेल. माझं दार मोडलंस, तेवढं तरी कर."

मावशीने बटण उलटसुलट करून पाहिलं. "मेल्याला रंगसुद्धा मळखाऊच आवडायचा," म्हणाली. मग ते माझ्या हातात परत ठेवलं. "बघते. लाईन नीट चालते का, तेवढं तपासायला म्हणून देईन रिंग."

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेबांच्या मागोमाग दोन रिंगा आल्या. खणखणीत. मी तपकिरी बटण वर टांगलं. आठवडाभर सुरळीत चाललं.

मग एका सकाळी रिंग आली नाही. बाईंची येऊन गेली, तरी तपकिरी बटण खालीच. किल्ली आता माझ्या गळ्यात होती. कुलूप काढलं. फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. ड्रायव्हर आणि मी लाँड्रीचा जिना धावत चढलो. ड्रायव्हरने खांदा लावला, तर दार नुसतं लोटलेलं! तो सरळ स्वयंपाकघरापर्यंत जाऊन धडपडला.

मावशी टेबलाशी बसलेली. समोर चहाचा कप.

"ओतला तेव्हा रिंग चुकवली," कपाकडे बोट दाखवत ती म्हणाली. "साय धरली, आता येताय होय? माझ्या वेळी गाडी पोचायची तेव्हा वाफ असायची."

"मावशी!" मला रडू की ओरडू कळेना. "आमची परीक्षा घेत होतात?"

"मग? ज्यांच्या भरवशावर राहायचं, त्यांना पारखून नको घ्यायला? दार मोडू नये म्हणून कडी काढून ठेवली होती." मग ड्रायव्हरला, "लागलं का रे? बस, तुलाही टाकते."

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिची रिंग कधी चुकली नाही.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. गार्डसाहेबांची रिंग आली. मग मावशीची. एक, दोन. मी बटणाला हात घातला, आणि फोन तिसऱ्यांदा वाजला. जिनाच डोळ्यांसमोर उभा राहिला. नियम मोडून मी फोन उचलला.

"मावशी! पडलात?"

"नाही गं." आवाज नेहमीचा नव्हता. "आज ताईचा वाढदिवस. हाताने सवयीनं दोन कप काढले. भरलेसुद्धा."

मी खुर्ची मागे सारून उठले.

"बाकीच्यांच्या रिंगा होऊ दे आधी," ती म्हणाली. "लाईन अडवू नकोस. मग ये. गरम करून देईन."

तिने फोन ठेवला. मी बटण टांगलं आणि बाईंच्या रिंगेची वाट पाहत बसले.